इम्युलेटर आणि डीबगर यांमधील रजिस्टर-देवाणघेवाण

इम्युलेटर आणि डीबगर यांमधील रजिस्टर-देवाणघेवाण म्हणजे एका प्रोसेसरची सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीने (इम्युलेटरने), त्या नकली प्रोसेसरच्या रजिस्टरांमधील मूल्ये जोडलेल्या डीबगरला कळवण्याची आणि डीबगरने पाठवलेली मूल्ये स्वीकारण्याची पद्धत होय. रजिस्टर ही प्रोसेसरच्या आतील अत्यंत लहान व वेगवान साठवणीची जागा असते. चालू आज्ञेचा पत्ता, स्टॅकचे टोक, गणनेतील मधली मूल्ये आणि स्थितिदर्शक बिटे तिच्यात असतात. थांबलेल्या आज्ञावलीची स्थिती डीबगरला प्रामुख्याने या मूल्यांवरूनच समजते. एखादे मूल्य चुकीचे कळवले गेल्यास आज्ञावली निर्दोष असूनही सदोष दिसते, किंवा खरा दोष झाकला जातो. प्रत्यक्ष चिप तयार होण्यापूर्वी तिच्यासाठीचे सॉफ्टवेअर इम्युलेटरवरच लिहिले व तपासले जात असल्यामुळे या देवाणघेवाणीच्या अचूकतेला विशेष महत्त्व आहे.

## पार्श्वभूमी

मुक्त सॉफ्टवेअर जगात सर्वाधिक वापरला जाणारा डीबगर म्हणजे जीएनयू डीबगर अर्थात जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला. ज्या यंत्रावर डीबगर चालवणे शक्य नाही अशा यंत्रातील आज्ञावली तपासण्यासाठी जीडीबीमध्ये 'दूरस्थ अनुक्रमी शिष्टाचार' आहे. या व्यवस्थेत तपासल्या जाणाऱ्या यंत्राच्या बाजूला 'स्टब' नावाचा छोटा भाग असतो. तो डीबगरच्या मागण्या ऐकून उत्तरे देतो. मूळ रचना अनुक्रमी तारेने जोडलेल्या प्रत्यक्ष विद्युत्फलकांसाठी झाली होती; पुढे तोच शिष्टाचार इम्युलेटरांनीही स्वीकारला. फाब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये असा स्टब अंगभूत आहे.

प्रत्यक्ष फलक आणि इम्युलेटर यांत एक मूलभूत फरक आहे. फलकावरील स्टब त्याच प्रोसेसरवर चालतो. त्यामुळे त्याला प्रोसेसरची स्थिती मोडल्याशिवाय काहीच करता येत नाही आणि ती पुन्हा पूर्ववत करावी लागते. इम्युलेटर मात्र नकली प्रोसेसरच्या बाहेर असतो व त्याची सर्व स्थिती त्याला खुली असते. स्थितीला धक्का न लावता ती कळवणे इम्युलेटरला शक्य असते. म्हणून ती अपेक्षाही त्याच्याकडून केली जाते.

## संदेशांची रचना

या शिष्टाचारातील प्रत्येक संदेश डॉलर चिन्हाने सुरू होतो. त्यानंतर मजकूर, हॅश चिन्ह आणि दोन षोडशमान अंकांची पडताळा-बेरीज येते. ही बेरीज म्हणजे मजकुरातील सर्व बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागून उरणारी बाकी होय. रजिस्टरांशी संबंधित मुख्य संदेश चार आहेत.

* लहान 'जी' : सर्व रजिस्टरांची मूल्ये एकत्र मागणे.
* मोठा 'जी' : सर्व रजिस्टरांची मूल्ये एकत्र लिहिणे.
* लहान 'पी' : दिलेल्या क्रमांकाच्या एकाच रजिस्टराचे मूल्य मागणे.
* मोठा 'पी' : एकाच रजिस्टरात मूल्य लिहिणे.

'जी' संदेशाच्या उत्तरात रजिस्टरांची नावे नसतात. एकामागून एक जोडलेले षोडशमान अंक एवढेच त्याचे स्वरूप असते. कोणते अंक कोणत्या रजिस्टराचे, हे केवळ क्रम आणि रुंदी यांवरून ठरते. त्यामुळे एका रजिस्टराची रुंदी चुकली की त्यापुढील सर्व मूल्ये सरकतात. उत्तर अपेक्षेपेक्षा लांब आले तर जीडीबी ते नाकारतो. मात्र लांबी जुळली आणि क्रम चुकला, तर तो चुकीची मूल्ये खरी मानतो. ही दुसरी चूक अधिक धोक्याची असते, कारण तिची कोणतीही सूचना मिळत नाही.

बाइटांचा क्रम हा नकली प्रोसेसरचा असावा लागतो. इम्युलेटर ज्या संगणकावर चालतो त्याचा नव्हे. षोडशमानातील १२३४५६७८ हे ३२ बिटी मूल्य स्पार्क प्रोसेसरच्या बाबतीत त्याच क्रमाने पाठवले जाते. एक्स८६ प्रोसेसरच्या बाबतीत मात्र ते ७८५६३४१२ असे जाते. एक्स८६ संगणकावर स्पार्कचा इम्युलेटर लिहिताना हा उलटा क्रम विसरणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

## स्पार्क प्रोसेसर आणि 'अजित'

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (पवई) येथे माधव देसाई यांच्या गटाने विकसित केलेला 'अजित' हा ३२ बिटी प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर करण्यात आला. त्याची चिप चंदीगडजवळील मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार करण्यात आली. 'अजित'ने स्वतःचा नवा आज्ञासंच न घडवता स्पार्क आवृत्ती ८ हा खुला आज्ञासंच स्वीकारला. हा आज्ञासंच सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या कामातून आला असून १९९४ मध्ये त्यावर आधारित आयईईई १७५४ हे मानक प्रसिद्ध झाले. युरोपीय अंतराळ संस्थेसाठी सुरू झालेली 'लिऑन' ही प्रोसेसरमालिकाही याच आज्ञासंचावर आधारलेली आहे.

प्रस्थापित आज्ञासंच स्वीकारल्यामुळे तयार भाषांतरक (कंपायलर) आणि जीडीबी वापरता येतात. 'अजित'च्या साधनसंचात सी भाषेत लिहिलेले प्रोसेसरचे प्रतिमान असून त्याला जीडीबी जोडण्याची सोय आहे. मात्र अशा कोणत्याही प्रतिमानाला, जीडीबीची स्पार्कविषयी जी धारणा आहे तिच्याशी तंतोतंत जुळणारी उत्तरे द्यावी लागतात.

### ७२ रजिस्टरांची मांडणी

३२ बिटी स्पार्कसाठी जीडीबी ७२ रजिस्टरे पुढील क्रमाने अपेक्षितो.

* ० ते ७ : ग्लोबल रजिस्टरे
* ८ ते १५ : आउट रजिस्टरे
* १६ ते २३ : लोकल रजिस्टरे
* २४ ते ३१ : इन रजिस्टरे
* ३२ ते ६३ : अपूर्णांक गणनेची ३२ रजिस्टरे
* ६४ ते ७१ : अनुक्रमे वाय, पीएसआर, डब्ल्यूआयएम, टीबीआर, पीसी, एनपीसी, एफएसआर आणि सीएसआर

प्रत्येक रजिस्टर ४ बाइटांचे असल्याने पूर्ण उत्तर २८८ बाइटांचे, म्हणजे ५७६ षोडशमान अंकांचे होते. यातील सीएसआर हे सहप्रोसेसरचे स्थिती-रजिस्टर आहे. यंत्रात सहप्रोसेसर नसला तरी त्याची जागा यादीतून गाळता येत नाही.

### रजिस्टर-खिडक्या

स्पार्क प्रोसेसरमध्ये प्रत्यक्षात यापेक्षा बरीच अधिक रजिस्टरे असतात. एखाद्या फलनाने दुसऱ्या फलनाला बोलावले की 'सेव्ह' या आज्ञेने प्रोसेसर नव्या रजिस्टर-खिडकीत जातो. बोलावणाऱ्याची आउट रजिस्टरे हीच बोलावलेल्याची इन रजिस्टरे होतात. परतताना 'रिस्टोअर' ही आज्ञा मागील खिडकी पुन्हा समोर आणते. खिडक्यांची संख्या २ ते ३२ यांपैकी कितीही असू शकते. प्रत्येक खिडकीमुळे १६ रजिस्टरांची भर पडते आणि ८ ग्लोबल रजिस्टरे सामाईक असतात. त्यामुळे ८ खिडक्यांच्या प्रोसेसरात सर्वसाधारण वापराची १३६ रजिस्टरे असतात. कमाल संख्या ५२० आहे.

यांपैकी कोणत्याही क्षणी चालू आज्ञावलीला फक्त ३२ दिसतात. 'जी' संदेशाच्या उत्तरात हीच ३२, म्हणजे चालू खिडकीची रजिस्टरे, द्यायची असतात. चालू खिडकीचा क्रमांक पीएसआर या स्थिती-रजिस्टराच्या शेवटच्या ५ बिटांत असतो. इम्युलेटरने रजिस्टरे एका सलग सारणीत ठेवली असतील, तर या क्रमांकावरून योग्य जागा काढूनच उत्तर तयार करावे लागते.

### मागील खिडक्यांचा प्रश्न

आज्ञावली थांबल्यावर विकासक बहुधा प्रथम फलनांची साखळी मागतो: चालू फलनाला कोणी बोलावले, त्याला कोणी, इत्यादी. स्पार्कवर ही साखळी काढताना जीडीबी असे गृहीत धरतो की मागील खिडक्यांतील लोकल व इन रजिस्टरे स्टॅकवर, प्रत्येक फलनासाठी राखलेल्या ६४ बाइटांच्या जागेत, उतरवलेली आहेत. कार्यकारी प्रणालीखालील प्रक्रिया तपासताना हे गृहीतक खरे ठरते, कारण प्रक्रिया थांबवताना प्रणालीचा गाभा खिडक्या मेमरीत उतरवतो.

इम्युलेटरमध्ये प्रोसेसर मधेच गोठवला जातो. मागील फलनांची मूल्ये तेव्हा नकली खिडक्यांमध्येच असतात आणि स्टॅकवरील त्यांच्या जागेत जुना मजकूर असू शकतो. परिणामी साखळीचा पहिला दुवा बरोबर येतो, कारण परतीचा पत्ता चालू खिडकीच्या सातव्या इन रजिस्टरात असतो. दुसऱ्या दुव्यापासून मात्र पत्ते स्टॅकवरील जुन्या मजकुरातून वाचले जातात. अशी साखळी वरवर विश्वसनीय दिसते. कधी कधी तीत कधीही न बोलावलेल्या फलनांची नावे येतात. हा दोष आज्ञावलीचा नसून निवेदनाचा असतो.

प्रत्यक्ष फलकांसाठी जीडीबीसोबत दिल्या जाणाऱ्या स्पार्क स्टबच्या नमुन्यात यावर सरळ उपाय आहे. थांबल्याबरोबर तो ओळीने 'सेव्ह' आज्ञा देऊन सर्व खिडक्या मेमरीत उतरवण्यास भाग पाडतो. इम्युलेटरपुढे तीन मार्ग असतात.

1. खिडक्या मेमरीत उतरवणे. हा मार्ग सोपा आहे, परंतु केवळ पाहण्यामुळे तपासल्या जाणाऱ्या यंत्राची मेमरी बदलते. स्टॅकचा पत्ता बिघडल्यामुळेच आज्ञावली कोसळली असेल, तर या लिखाणाने भलतीच मेमरी खराब होते आणि पुरावा नष्ट होतो.
2. मेमरी-वाचनाला आच्छादित उत्तर देणे. डीबगरने राखीव ६४ बाइटांची जागा वाचायला मागितली की मेमरीऐवजी संबंधित खिडकीतील मूल्ये द्यायची. नकली मेमरी अबाधित राहते. मात्र डीबगरने त्या जागेत लिहिल्यास ते मूल्यही खिडकीतच गेले पाहिजे.
3. फक्त चालू खिडकी कळवणे. निवेदन खरे असते, पण फलनांची साखळी भरवशाची राहत नाही. या मार्गात सर्व खिडक्या जादा रजिस्टरे म्हणून स्वतंत्रपणे उपलब्ध करून देता येतात.

दुसऱ्या व तिसऱ्या मार्गात कोणत्या खिडक्या जिवंत आहेत हे ठरवण्यासाठी डब्ल्यूआयएम रजिस्टर पाहावे लागते. त्यात अवैध खिडक्यांची नोंद असते.

### पीसी आणि एनपीसी

स्पार्कमध्ये उडी मारणाऱ्या आज्ञेनंतरची आज्ञाही सामान्यतः अमलात येते आणि मगच उडी पूर्ण होते. त्यामुळे चालू आज्ञेचा पत्ता (पीसी) आणि पुढील आज्ञेचा पत्ता (एनपीसी) अशी दोन रजिस्टरे असतात. एनपीसी नेहमी पीसीपेक्षा ४ ने अधिक असेल असे मानून उत्तर देणे चूक ठरते. उडीनंतरच्या आज्ञेवर थांबलेल्या आज्ञावलीत एनपीसीमध्ये उडीचे लक्ष्य असते. उलट दिशेने, विकासकाने फक्त पीसी बदलला आणि एनपीसी जुनाच राहिला, तर एक आज्ञा नव्या ठिकाणची अमलात येऊन आज्ञावली पुन्हा जुन्या वाटेला लागते.

## अंतर्गत स्थितीचे एकत्रीकरण

वेगासाठी अनेक इम्युलेटर प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणे न चालवता, आज्ञांचे गट यजमान संगणकाच्या आज्ञांमध्ये भाषांतरित करून चालवतात. असा गट चालू असताना नकली रजिस्टरांची मूल्ये यजमान प्रोसेसरच्या रजिस्टरांत असू शकतात. पीसी तर प्रत्येक आज्ञेनंतर अद्ययावत केलाच जात नाही. शून्य, ऋण, हातचा इत्यादी स्थितिदर्शक बिटेही शेवटच्या गणनेचे घटक जपून ठेवून गरज पडेल तेव्हाच काढली जातात.

म्हणून डीबगरला उत्तर देण्यापूर्वी ही विखुरलेली स्थिती एकत्र करावी लागते. क्यूईएमयूमध्ये स्पार्कचे पीएसआर हे एकसंध मूल्य म्हणून साठवलेले नसते. मागणी आल्यावर ते त्याच्या घटकांपासून जुळवले जाते. निवेदन नेहमी दोन आज्ञांच्या सीमेवरील स्थितीचे असावे, म्हणजे आधीच्या सर्व आज्ञा पूर्ण झालेल्या आणि पुढची एकही सुरू न झालेली, असा संकेत आहे.

ब्रेकपॉइंटवर कळवायचा पीसीही याच संकेताने ठरतो. प्रत्यक्ष एक्स८६ प्रोसेसर १ बाइटाच्या ब्रेकपॉइंट-आज्ञेनंतरचा पत्ता दाखवतो आणि डीबगरला त्यातून १ वजा करावा लागतो. दोन्ही बाजूंनी वजाबाकी केली किंवा कोणीच केली नाही, तर आज्ञावली चुकीच्या ठिकाणाहून पुढे चालू लागते. शिष्टाचारात नंतर समाविष्ट झालेल्या 'सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट' या थांब-कारणाने ही जबाबदारी स्पष्ट केली. हे कारण कळवणाऱ्या स्टबने पीसी आधीच सुधारलेला असला पाहिजे.

## रुंदी बदलणारे प्रोसेसर

६४ बिटी एक्स८६ संगणक सुरू होताना १६ बिटी अवस्थेत असतो, मग ३२ बिटी आणि शेवटी ६४ बिटी अवस्थेत जातो. जीडीबी मात्र रजिस्टरांची मांडणी जोडणीच्या वेळी ठरवतो. ३२ बिटी मांडणीत मुख्य १६ रजिस्टरांना ६४ बाइट लागतात. ६४ बिटी मांडणीत मुख्य रजिस्टरे २४ असून त्यांना १६४ बाइट लागतात. इम्युलेटरने अवस्थेनुसार उत्तराची लांबी बदलली, की 'जी' संदेशाचे उत्तर फार लांब असल्याची सुप्रसिद्ध तक्रार करून जीडीबी काम थांबवतो. स्वतःची कार्यकारी प्रणाली लिहिणाऱ्यांना ही अडचण नेमकी ६४ बिटी अवस्थेत प्रवेश करताना येत असे. जोडणी तोडून, प्रोसेसरचा प्रकार पुन्हा सांगून नव्याने जोडणे हा त्यावरचा रूढ उपाय होता.

संपूर्ण जोडणीभर मांडणी स्थिर ठेवणे हा अधिक सुसंगत मार्ग आहे. प्रोसेसर ६४ बिटी असेल तर ३२ बिटी अवस्थेतही ६४ बिटी रुंदीच कळवली जाते. आज्ञांचे वाचन ३२ बिटी अर्थाने करायचे हे डीबगरला वेगळे सांगावे लागते, पण मूल्ये आपल्या जागेवरून ढळत नाहीत.

१६ बिटी अवस्थेत आणखी एक गुंता असतो. तेथे आज्ञेचा खरा पत्ता हा खंडाचा आरंभ आणि आज्ञा-निर्देशक यांच्या बेरजेने मिळतो. संगणक सुरू होताच आज्ञा-निर्देशकात षोडशमान एफएफएफ० असते, परंतु पहिली आज्ञा ४ गिगाबाइटांच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडून वाचली जाते. जीडीबीला खंडांची कल्पना नसल्याने तो एफएफएफ० याच पत्त्यावरील बाइट आज्ञा म्हणून दाखवतो. आज्ञा-निर्देशकाऐवजी बेरीज कळवली तर हे दृश्य सुधारते, पण रजिस्टराचे निवेदन असत्य होते आणि तेच मूल्य परत लिहिले गेल्यास आज्ञावली बिघडते. त्यामुळे रजिस्टराचे मूल्य जसेच्या तसे देऊन खंडांची माहिती पूरक रजिस्टरांतून पुरवणे श्रेयस्कर मानले जाते.

## लक्ष्य-वर्णन

रजिस्टरांची यादी दोन्ही बाजूंनी गृहीत धरण्यातील धोका टाळण्यासाठी जीडीबीमध्ये लक्ष्य-वर्णनाची सोय करण्यात आली. जोडणी होताच स्टब एक्सएमएल स्वरूपातील दस्तऐवज देतो. त्यात प्रत्येक रजिस्टराचे नाव, बिटांतील रुंदी, क्रमांक, प्रकार आणि गट नोंदवलेले असतात. प्रत्येक प्रोसेसर-कुळासाठी काही प्रमाण नावे निश्चित असून मूळ रजिस्टरे त्यांखालीच द्यावी लागतात. त्यापुढे इम्युलेटर आपली जादा रजिस्टरे जोडू शकतो.

रिस्क-५ या खुल्या आज्ञासंचाच्या बाबतीत ही सोय अनिवार्यच ठरते. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) 'वेगा' ही प्रोसेसरमालिका याच आज्ञासंचावर आधारित आहे. रिस्क-५ मध्ये ३२ सर्वसाधारण रजिस्टरे व पीसी यांखेरीज नियंत्रण आणि स्थिती-रजिस्टरांसाठी ४,०९६ क्रमांक राखलेले आहेत. प्रत्येक प्रोसेसरमध्ये त्यांपैकी थोडीच असतात. क्यूईएमयू नकली प्रोसेसरमध्ये असलेल्या रजिस्टरांचीच यादी जोडणीच्या वेळी तयार करून देतो. नसलेली रजिस्टरे शून्य म्हणून दाखवण्यापेक्षा वर्णनातूनच वगळणे येथे शक्य होते.

## अनुपलब्ध मूल्ये

शून्य हे एक वैध मूल्य आहे; 'माहीत नाही' असा त्याचा अर्थ होत नाही. एखाद्या रजिस्टराचे मूल्य इम्युलेटरला देता येत नसेल, तर 'जी' संदेशाच्या उत्तरात त्याच्या अंकांच्या जागी 'एक्स' हे अक्षर तितक्याच वेळा पाठवण्याची तरतूद शिष्टाचारात आहे. अशा रजिस्टरापुढे जीडीबी ते अनुपलब्ध असल्याचे दाखवतो. एकेक रजिस्टर मागणाऱ्या 'पी' संदेशाला त्रुटीचे उत्तर देता येते. तरीही जागा भरण्यासाठी शून्य पाठवण्याची प्रथा आढळते. उपरोक्त सीएसआरसारख्या अस्तित्वातच नसलेल्या रजिस्टराबाबत ती फारशी बाधक नसते. अस्तित्वात असलेल्या, पण नक्कल अपुरी राहिलेल्या रजिस्टराबाबत मात्र ती दिशाभूल करते.

## मूल्ये लिहिणे

डीबगरकडून आलेले मूल्य स्वीकारताना इम्युलेटरला प्रोसेसरचे नियम पाळावे लागतात. स्पार्कचे शून्यावे ग्लोबल रजिस्टर सदैव शून्य असते, म्हणून त्यातील लेखन दुर्लक्षिले जाते. पीएसआरमधील खिडकी-क्रमांक बदलल्यास समोरची २४ रजिस्टरेही बदलतात, म्हणून त्यानंतर ती नव्याने वाचली गेली पाहिजेत. सर्व रजिस्टरे एकत्र लिहिणाऱ्या संदेशात क्रमालाही महत्त्व येते: आउट, लोकल व इन रजिस्टरे (क्रमांक ८ ते ३१) पीएसआरच्या (क्रमांक ६५) आधी येत असल्याने ती जुन्या खिडकीत लिहिली जातात आणि मग खिडकी बदलते. एकेक रजिस्टर लिहिणारा संदेश उपलब्ध असल्यास हा प्रश्न टळतो.

## पडताळणी

या देवाणघेवाणीची तपासणी सहसा पुढील कसोट्यांवर केली जाते.

* सर्व रजिस्टरे वाचून तीच मूल्ये परत लिहिल्यास आज्ञावलीच्या वर्तनात फरक पडू नये.
* 'जी' आणि 'पी' या दोन्ही संदेशांनी एकाच रजिस्टराचे एकच मूल्य मिळावे.
* प्रत्येक रजिस्टरात वेगळे, ओळखता येणारे मूल्य भरणारी छोटी आज्ञावली थांबवून क्रम, रुंदी आणि बाइटांचा क्रम तपासावा.
* डीबगर जोडून एकेक आज्ञा चालवल्यानंतरची अंतिम स्थिती डीबगरशिवाय चालवल्यानंतरच्या स्थितीशी जुळावी. ही तुलना कालमापकांवर अवलंबून नसलेल्या आज्ञावलीवर करावी.
* स्पार्कसारख्या प्रोसेसरवर, खिडक्यांच्या संख्येपेक्षा कमी आणि अधिक अशा दोन्ही खोलींवर फलनांची साखळी बरोबर यावी.

शेवटची कसोटी विशेष उपयुक्त आहे. खोली जास्त असल्यास जुन्या खिडक्या आज्ञावलीच्या ओघातच स्टॅकवर उतरलेल्या असतात, त्यामुळे साखळीचा दूरचा भाग बरोबर आणि जवळचा भाग चुकीचा दिसू शकतो. असे विसंगत चित्र दिसल्यास दोष बहुधा आज्ञावलीत नसून इम्युलेटरच्या निवेदनात असतो.

## हेही पाहा

* इम्युलेटर
* जीएनयू डीबगर
* क्यूईएमयू
* स्पार्क
* रिस्क-५
* भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई
* प्रगत संगणन विकास केंद्र